पेठेतला क्लच, हायवेचा वेग

नमस्कार श्रोतेहो. बारावीच्या परीक्षा संपल्या की पुण्यात घरोघरी गाडी शिकण्याचा विषय निघतो. चारचाकीच्या लर्निंग लायसन्सला 18 वर्षं पूर्ण लागतात. ते 6 महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट 30 दिवसांनंतरच देता येते. या महिन्याभरात मुलं गाडी कुठे चालवतात, त्यावर त्यांची सवय ठरते.

सदाशिव-नारायण पेठेत शिकणाऱ्याला दुसऱ्या गिअरच्या पुढे जायची संधीच कमी. पण त्याचा हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धाच सोडून गाडी सांभाळणं, पक्का होतो, आणि शिकण्यातली अवघड गोष्ट हीच. पुलाच्या चढावर सिग्नल लागला, तर आधी हँडब्रेक ओढायचा. सिग्नल सुटताना पहिला गिअर टाकून क्लच सावकाश सोडायचा. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट जरासं उचललं, की पाय तिथेच रोखायचा. थोडा ॲक्सिलरेटर देऊन मग हँडब्रेक सोडायचा. क्लच झटक्यात सोडला तर गाडी बंद पडते. मागून हॉर्न सुरू झाले की मुलं घाबरून नेमकं हेच करतात. दुसरी खोड म्हणजे गाडी हाफ क्लचवरच चढावर तोलून धरणं. त्याने क्लच प्लेट घासते, करपट वास येतो, आणि खर्च वडिलांच्या खिशातून जातो.

वाघोली, नऱ्हे, आंबेगावकडे सकाळी मोकळे रस्ते मिळतात. तिथे चौथा गिअर लवकर पडतो, म्हणून गाडी आली असं वाटतं. ती आलेली नसते! ताशी 30 किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण 8 मीटर जाते, 60 ला जवळजवळ 17. ब्रेक दाबल्यानंतरचं अंतर मात्र दुप्पट नाही, चौपट होतं. त्यात पट्टे न मारलेले गतिरोधक, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या, पाण्याचे टँकर. नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार तर शिकाऊ मुलांनी टाळलेलाच बरा. कुठल्याही उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नये. इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

माझ्या मते सुरुवात बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर करावी, दुसऱ्या आठवड्यात पेठेत यावं आणि शेवटी हायवेचा सर्व्हिस रोड घ्यावा. पेठेत शिकलेल्यांनी हा शेवटचा टप्पा मुळीच गाळू नये.

घरच्या गाडीवर सराव करताना पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा आणि शेजारी लायसन्सधारक. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो, घरच्या गाडीत नसतो. शेजारी बसलेल्याच्या हाताशी फक्त हँडब्रेक, आणि वेगात तो खसकन ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी घसरते. म्हणून स्कूलचे तास पुरे होईपर्यंत घरची गाडी बाहेर काढू नका. काही नव्या गाड्यांत हँडब्रेकच्या जागी बटण असतं; ते कसं चालतं, हे निघण्याआधी पाहून घ्या.