चौघांचं घर

(दृश्य: इंदूर, राजेंद्रनगरातली एक गल्ली. सकाळ. लांबून कचरागाडीचं गाणं.)

इंदूरला सकाळ होते ती या गाण्याने. गाणं गल्लीच्या तोंडाशी आलं की या घरातले दादा चपला घालतात. वय 34. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, तुटके चार्जर, संपलेल्या बॅटऱ्या, सगळं त्यांनी रात्रीच वेगळं करून ठेवलेलं असतं. शेजारच्या काकूंनी एकदा सुक्यात औषधाची बाटली टाकली, तर दादांनी डबा उचलून परत त्यांच्या दारात नेऊन ठेवला. काकू चिडल्या. आता मात्र घाईत असल्या की डबा त्याच्याच हाती देतात, ‘बघ रे बाबा, पास होतोय का.’

दादाला ऑटिझम आहे. घरात आणखी तिघं आहेत. चौघंही आपापल्या आईवडिलांचं घर सोडून इथे भाड्याने एकत्र राहतात. दोघांना डाउन सिंड्रोम, एकाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असतो. दिवसा एक भाऊ मदतीला येतात, रात्री मुक्कामाला एक मावशी असतात. चौघांची नावं आम्ही सांगणार नाही, घरच्यांची तशी अट होती. एकाने स्वतःची वेगळी अट घातली: माझी खोली दाखवायची नाही. आम्ही दाखवलेली नाही.

(दृश्य: स्वयंपाकघर. फ्रिजवर फोटो लावलेला तक्ता.)

कोणाची भांडी, कोणाचा झाडू, हे वाचता येत नसलं तरी फोटो बघून कळतं. पोह्यांवर जिरावण मसाला किती, यावर मात्र रोज वाद. घरखर्चाचा हिशेब सेरेब्रल पाल्सीवाल्या काकांकडे. वय 41, म्हणून इथे ते काका. त्यांना बोलायला वेळ लागतो, एका वाक्याला कधी कधी मिनिटभर. भाजीवाल्याला आता सवय झालीय. काकांचं बोलणं पुरं होईपर्यंत तो तराजू हातात धरून थांबतो.

हे घर मिळायला आठ महिने लागले. तोंडावर वाईट कुणी बोललं नाही. ‘आमची काही हरकत नाही हो, पण गल्लीत मुली आहेत,’ असं म्हणायचे. शेवटी घर दिलं ते एका निवृत्त मास्तरांनी. त्यांनी एकच विचारलं, भाडं कितव्या तारखेला देणार?

मग गेल्या पावसाळ्यात ते झालं. चौघांतला धाकटा न सांगता बाहेर पडला आणि दोन तास सापडेना. सापडला तो राजेंद्रनगर स्टेशनच्या बाकावर, महूकडची गाडी बघत. त्या रात्री आईवडिलांची बैठक बसली. फाटकाला कुलूप घाला, असं तिघांच्या घरच्यांचं म्हणणं. काका म्हणाले, आणि हे म्हणायला त्यांना बराच वेळ लागला, ‘कुलूप लावलंत तर मी घरी परत जातो.’ कुलूप लागलं नाही. धाकट्याच्या खिशात आता फोन नंबरचं कार्ड असतं आणि गुरुवारी संध्याकाळी भाऊ त्याला गाडी दाखवायला नेतात. धोका संपलाय का? नाही. तुमच्याआमच्या घरातल्या पोरांचाही कुठे संपतो.

कुलुपामागचं जग याच शहराने पाहिलेलं आहे. 2024 च्या जुलैत इथल्याच एका मोठ्या आश्रमात बौद्धिक दिव्यांग मुलं दगावली, तपासणीत कॉलरा निघाला. एवढ्या गर्दीत कुणाचं पोट कधी बिघडलं हे वेळेवर कोणाला कळणार? या घरात कोणी अर्धी पोळी कमी खाल्ली तरी मावशी विचारतात.

कायदा, खरं तर, या घराच्या बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याचं कलम 5 म्हणतं की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि ठरावीक अशाच जागी राहण्याची सक्ती तिच्यावर होऊ नये. त्याआधी 1999 चा नॅशनल ट्रस्टचा कायदा आला, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठीचा. त्याच्याखाली निरामय हा आरोग्य विमा आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत. प्रौढांच्या निवासाची योजनाही आहे, तिचं नाव घरौंदा; आता ती ‘समर्थ’ या दुसऱ्या योजनेला जोडलेली आहे. घरौंदा म्हणजे मुलं खेळताना मातीचं करतात ते घरकुल. चाळिशीच्या माणसाच्या घराला हे नाव कोणाला सुचलं असेल? आणि मूळ योजनेत एका जागी 20 जण धरलेले होते. वीस जणांचं वसतिगृह होतं.

बऱ्याच आईवडिलांना ठाऊक नसतं की मूल 18 वर्षांचं झालं की कायद्याने आपण आपोआप पालक उरत नाही. कळतं ते बँकेत सही अडल्यावर. मग मोती तबेल्याला कलेक्टर ऑफिसात अर्ज करायचा, कारण पालक नेमणारी स्थानिक समिती कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली असते.

पैशाचंही सांगायला हवं. एकाचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यांच्या मागे त्याला फॅमिली पेन्शन मिळू शकते. बाकी तिघांचं एफडीच्या व्याजावर चाललंय. चौघांपैकी एकही घर गरीब नाही. गरिबाघरच्या मुलाला आज असं घर मिळत नाही, आणि चौघांचं कौतुक करताना हे आम्हाला टोचत राहिलं.

(दृश्य: रविवार. पडवीत दादांची आई, मांडीवर पिशवी.)

आईंचं वय 68. ‘आमच्यानंतर याचं काय’ हा प्रश्न त्यांनी तीस वर्षं उशाशी घेतला होता. मग एक दिवस मोठ्या मुलीने सुनावलं, ‘नंतर कशाला? मी नाही का चोविसाव्या वर्षी घर सोडलं? तू असतानाच त्याला जाऊ दे, काही चुकलं तर दुरुस्त करायला तू आहेस.’ पहिले दोन महिने आई रोज यायच्या. जेवण घेऊन. मग मावशींनीच सांगितलं, आई, दादा तुमची वाट बघत आमच्यात जेवत नाही.

आता त्या रविवारी येतात. आज नारळाच्या वड्या आणल्यात. दादांनी डबा उघडला, वड्या मोजल्या, चार वाटे केले आणि डबा धुऊन परत दिला. आई निघाल्या. फाटकापाशी थांबल्या. दादा मागून आले.

‘बुधवारी येऊ का रे? इकडे लग्नाला यायचंय.’

‘बुधवारी सिनेमा आहे. आधी फोन करून ये.’