रोमन भागीदारी: आतून घट्ट, बाहेरून सुटी

नमस्कार, श्रोतेहो. रोमन कायद्यात भागीदारीच्या कराराला ‘सोसिएतास’ म्हणत. हा करार नुसत्या संमतीवर उभा राहायचा, लेखी कागदाची सक्ती नव्हती. एकानं पैसा घातला आणि दुसऱ्यानं फक्त कष्ट, तरी चालायचं.

वाटे ठरले नसतील तर ते समान. फक्त नफ्याचे ठरले असतील तर तोट्यालाही तेच प्रमाण, असं दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस सांगतो. नफ्याचे वाटे वेगळे आणि तोट्याचे वेगळे ठेवता येतील का? रोमन कायदेपंडित क्विंतुस म्युकियुस नाही म्हणाला, दुसरा कायदेपंडित सर्वियुस सुल्पिकियुस हो म्हणाला, आणि टिकलं सर्वियुसचं. हिशेब मात्र शेवटी एकत्रच: एका सौद्यात 100 मिळाले, दुसऱ्यात 40 बुडाले, तर वाटायला 60. एकाला सगळा नफा आणि दुसऱ्याच्या गळ्यात नुसता तोटा, असा करार रद्द. त्याला ‘सिंहाची भागीदारी’ असं नाव पडलं होतं.

भागीदारावर दावा लावून जिंकलात, तर हरणाऱ्याची समाजात बेअब्रू व्हायची. कायद्यानंच ती ठरलेली होती. पण त्याच्या ऐपतीबाहेर वसुली करता येत नसे. शिक्षा कडक, वसुली मऊ, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. भागीदारांची सगळीच मालमत्ता सामायिक अशी भागीदारी असताना कुणी वारसा एकट्यानं लाटण्यासाठी आधीच बाहेर पडला, तर तो वारसा त्याला वाटावाच लागे.

हे झालं आतलं. बाहेरच्या माणसाशी एका भागीदारानं सौदा केला, तर साधारणपणे तोच एकटा बांधला जायचा. सावकाराला दुसऱ्या भागीदाराच्या दारात थेट जाता येत नसे. इथेच आपला 1932 चा भारतीय भागीदारी कायदा वेगळा पडतो. तो इंग्रजी वळणाचा. त्याच्या कलम 18 नुसार प्रत्येक भागीदार पेढीचा एजंट असतो, आणि कलम 25 नुसार पेढीच्या देण्याला सगळे मिळून आणि एकेकटेही जबाबदार. म्हणजे तुमच्या भागीदारानं पेढीसाठी घेतलेल्या मालाचे पैसे तुमच्या घरादारावरही येऊ शकतात.

आतल्या बाजूला मात्र रोमशी साम्य दिसतं. वेगळं ठरलं नसेल तर नफा-तोटा समान, कलम 13. भागीदार वारला की पेढी विसर्जित, कलम 42. करारात वेगळी तरतूद असेल तर ती लागू. रोममध्येही उरलेल्या भागीदारांनी पुढे चालायचं असं आधी ठरवता येई; मृताच्या वारसाला भागीदार करून घेण्याची सवलत मात्र करवसुलीचे ठेके घेणाऱ्या मोठ्या भागीदाऱ्यांनाच होती.

इथे एक खाच लक्षात ठेवा. भागीदार दोघंच असतील, तर एकाच्या मृत्यूनंतर ‘पेढी चालू राहील’ हे कलम लिहूनही उपयोग नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1965 मध्ये हे स्पष्ट केलं. वारसाला घ्यायचं असेल तर त्याच्याशी नवा करार करावा लागतो. आणि पेढीची नोंदणी करायची राहिली असेल, तर कलम 69 मुळे उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर करारापोटी दावा दाखल करता येत नाही. नोंदणी आधी करून घ्या.