साताऱ्याला आलात तर कॉलेजच्या पोरांसारखे फिरा

नमस्कार मंडळी. पावसाळा लागला की आमच्याकडं पाहुण्यांचे फोन चालू होतात, आम्ही येतोय, साताऱ्यात बघायचं काय ते सांगा. आणि बाकीचे कितीतरी जण कोल्हापूरला, गोव्याला जाताना हायवेवरच गाडी थांबवतात, चहा पितात, पेढ्याचा बॉक्स घेतात आणि पुढं निघून जातात. मला याचं खरंच वाईट वाटतं. एवढा मोठा अजिंक्यतारा समोर उभा असतो आणि माणसं मान वर करून बघत पण नाहीत.

तर आज मला एकच गोष्ट सांगायचीय आणि ती मी दोन-तीनदा सांगणार आहे. सातारा बघायचा असेल तर इथं शिकायला आलेल्या पोरापोरींसारखा बघा. पायी आणि एसटीनं.

कारण हे गाव जेवढं डोंगरांचं आणि छत्रपतींचं, तेवढंच शिकणाऱ्यांचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला ते साताऱ्यात आले आणि बोर्डिंग चालू केलं, सगळ्या जातीधर्माची पोरं एकाच पंगतीला जेवायची. १९२७ ला गांधीजी आले होते, त्यांच्या हस्ते बोर्डिंगला कोल्हापूरच्या छत्रपती शाहूंचं नाव दिलं. पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. मग १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, कमवा आणि शिका. आज पोवई नाक्यावर सकाळी सॅक लावून जी गर्दी दिसते ना, तिची सुरुवात त्या पंगतीत आहे. आणि राजवाड्यावर गेलात तर आठवण ठेवा, ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव इथल्याच शाळेच्या रजिस्टरात लागलं, म्हणजे आताचं प्रतापसिंह हायस्कूल. भिवा रामजी आंबेडकर. ते रजिस्टर जपून ठेवलेलं आहे आणि ७ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात विद्यार्थी दिवस असतो.

राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांतनं पण चाला, जुने वाडे आहेत. त्या वाड्यांच्या सागवानी चौकटी, दारं, कोरलेले खांब काढून फार्महाऊसवाल्यांना विकतात, हे मला अजिबात पटत नाही, दार गेलं की वाडा गेलाच समजा, घरमालकांना दुरुस्तीला मदत मिळाली पाहिजे असं मी जिथं माईक मिळेल तिथं बोलते. असो.

पहाटे अजिंक्यतारा चढा. वरपर्यंत रस्ता आहे, पण गाडी खाली ठेवा, पोलीस भरतीची पोरं पळत असतात त्यांच्या मागनं चाला. वरनं सज्जनगड, जरंडा, यवतेश्वर सगळं दिसतं. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज, त्यांचा राज्याभिषेक १७०८ ला याच गडावर झाला. संध्याकाळी चार भिंती नावाच्या टेकडीवर जाऊन बसा, गावातले दिवे लागताना बघा. तिथं १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, त्या साली साताऱ्यातल्या सतरा जणांना गेंडामाळावर मारलं, कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या.

आता मी तुम्हाला जतच्या, म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी भागातल्या, मावशींचं सांगते. आल्यागेल्या सगळ्यांना सांगते, तर तुम्हाला कशी सोडीन.

आमची वरची खोली कॉलेजच्या मुलांना भाड्यानं असते. त्यात एक जत तालुक्यातला मुलगा होता, बीएला, भूगोल घेतलेला. श्रावणात त्याची आई आली, पहिल्यांदाच, सांगलीला एसटी बदलून, हातात पिशवी, पिशवीत ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी, कारण पोरगं परगावी उपाशीच असतं अशी आईची खात्री. त्यानं आधी तिला कॉलेज दाखवलं, वर्ग दाखवला, तिनं त्याच्या बाकावर बसून बघितलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, काकू, आईला ठोसेघरच्या धबधब्याला नेतो. तर मावशी म्हणाल्या, "ताई, तुमीबी चला की, ह्येच्यासंगं मी एकलीच काय बोलत बसू?" निघालो तिघं.

सज्जनगडाचा फाटा मागं गेला, गाडी बोरणे घाटाला लागली आणि धुकं आलं. मावशी खिडकीशी. बाहेर जिकडं बघावं तिकडं पाणी, कातळावरनं गळणारं, चरातनं पळणारं, रस्ता ओलांडून खाली उड्या घेणारं. मावशी बराच वेळ गप्प. मग एकदम मला म्हणाल्या, "ताई, ह्ये कुनी अडवत न्हाई व्हय?" काय सांगणार? जिच्या गावात टँकरची वाट बघत घागरी रांगेत लावून ठेवतात तिला काय सांगणार?

ठोसेघरला उतरलो, पायऱ्या उतरून गॅलरीत गेलो तर समोर पांढरं फटक. काही म्हणजे काही दिसेना. नुसता आवाज, छातीत घुमेल असा. शेजारचा ग्रुप थोडा वेळ थांबला आणि फोटो येत नाही म्हणून निघून गेला. मुलगा हिरमुसला, म्हणाला आई, परत कधीतरी येऊ. मावशी म्हणाल्या, "थांबू की. कसली घाई हाय?" आणि कठडा धरून उभ्या राहिल्या. पदराच्या टोकातनं पाणी ठिबकतंय, मी छत्री धरली तर ती पण बाजूला सारली.

मग वारा फिरला. धुकं खालनं वर उचलत गेलं, आधी दरीचा तळ, मग काळा कातळ आणि मग ती अख्खी धार, वरपासून खालपर्यंत. आम्ही दोघं बघतच राहिलो. मावशी म्हणाल्या, "ह्ये पानी जातंय कुठं?"

झालं, भूगोलवाला खुलला. ओल्या कठड्यावर बोटानं रेघ ओढायला लागला. "ही तारळी नदी, आई. ही अशी खाली उतरती, उंब्रजला कृष्णेला मिळती. मग कराड, तितं कोयना येती. मग सांगली, हरिपूरला वारणा येती. आनि ह्ये म्हैसाळ."

"म्हैसाळ? आपल्या कॅनॉलचं म्हैसाळ?"

"त्येच. तितं पंप लावून टप्प्याटप्प्यानं पानी वर उचलत्यात."

मावशींनी त्या रेघेकडं बघितलं, मग धबधब्याकडं, परत रेघेकडं. "म्हंजी आपल्या रानात येतंय त्येच्यात ह्येबी आसंल?"

"आसंल की. थोडंफार."

त्यांनी धबधब्याला दोन्ही हात जोडले. देवाला जोडतात तसे, डोळे मिटून. आणि मग मुलाकडं वळून म्हणाल्या, "गावात आलास की समद्यास्नी अशी रेघ काडून दाव. लोकास्नी वाटतंय पानी म्हैसाळातच उगावतंय."

तेव्हापासून ठोसेघरला कुणालाही नेलं की मी आधी कठड्यावर ती रेघ काढते. तारळी, उंब्रज, कराड, सांगली, म्हैसाळ, जत. तुम्ही पण काढा, मुलं बरोबर असली तर नक्की काढा. आणि कठड्याच्या आतच थांबा, सेल्फीसाठी पलीकडं पाय टाकू नका, त्या घाटात पण नको, शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही. धुकं असलं तर थांबा. परत सांगते, धुकं असलं तर निघून जाऊ नका, थांबा.

वेळ संपत आलीय म्हणून बाकीचं पटापट. त्याच रस्त्यावर सज्जनगड, समर्थांची समाधी, दुपारचा प्रसाद घेऊनच खाली या. कासचं फुलांचं पठार साधारण पंचवीस किलोमीटर, २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटात त्याचं नाव आहे, फुलं ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, सीझनला ऑनलाइन बुकिंग करूनच या, आणि शनिवार-रविवार सोडून. खडकावर मातीचा पातळ थर असतो, त्यात ती इवली फुलं तगतात, पाय पडला की संपलं, म्हणून पायवाट सोडायची नाही. लिंब गावात बारा मोटेची विहीर, अष्टकोनी, अठराव्या शतकातली, विरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेली, आत दगडी जिना उतरून मोटा जिथं चालायच्या तिथं वर जाऊन उभे राहा. विहिरीत कमानी, वर खोल्या, असं दुसरीकडं सहसा बघायला मिळत नाही.

कंदी पेढे घ्यायचे तर गावात येऊन घ्या, मोती चौकाकडं, आणि आधी एक हातावर घेऊन खाऊन बघा, खमंग भाजलेल्या खव्याचा वास आला पाहिजे. मावशींनी पण अर्धा किलो नेले, जावेसाठी.

आणि शेवटचं, एसटीनं जाणार असाल तर निघतानाच स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या. ठोसेघर असो, कास असो, बामणोली असो, परतीची वेळ आधी विचारायची. खिडकीवर गर्दी असली तर शेजारी सॅक लावून उभ्या असलेल्या पोराला नाहीतर पोरीला विचारा, त्यांना सगळ्या गाड्या पाठ असतात. नमस्कार.