चिऱ्याची भिंत आणि फोनवरचा टीव्ही

श्रोतेहो, नमस्कार. चवथीला घर माणसांनी भरतं. फोनमधला व्हिडिओ हॉलमधल्या टीव्हीवर लावायला कुणीतरी कास्टचं चिन्ह दाबतं, आणि यादीत टीव्हीचं नावच नसतं. अशा वेळी मेकॅनिकला बोलावण्याआधी फोन कुठल्या वाय-फायवर आहे ते बघा. फोन आणि टीव्ही एकाच नेटवर्कवर हवेत. पाहुण्यांना आपण गेस्ट वाय-फायचा पासवर्ड देतो, आणि गेस्टवरच्या फोनला घरातली इतर उपकरणं सहसा दिसत नाहीत. राउटर मुद्दामच ती लपवतो. व्हीपीएन, म्हणजे फोनचं इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे वळवणारं अ‍ॅप, चालू असेल तर बंद करा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी आहे का, तेही तपासा.

कास्ट आणि मिररिंग यांत बरीच गल्लत होते. कास्ट करताना फोन टीव्हीला व्हिडिओचा फक्त पत्ता देतो, मग टीव्ही स्वतःच तो इंटरनेटवरून घेतो. तुम्ही खुशाल फोनवर बोला, व्हिडिओ चालू राहतो. मिररिंगमध्ये मात्र फोन आपला अख्खा पडदा सतत पाठवत राहतो. बॅटरी भराभर उतरते, फोन तापतो, आणि मध्येच आलेला खासगी मेसेज साऱ्या घराला वाचायला मिळतो. त्यामुळे सिनेमासाठी कास्टच वापरा.

व्हिडिओ अडखळत असेल, तर आपल्याकडे बहुतेकदा भिंत आडवी येते. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती फूट-दीड फूट जाड, पावसाळ्यात ओल धरलेल्या, आणि ओल रेडिओलहरी शोषते. वाय-फायचे सहसा दोन पट्टे असतात, 5 आणि 2.4 गिगाहर्ट्झ. 5चा वेग जास्त, पण जाड भिंतीपलीकडे तो लवकर क्षीण होतो. 2.4 लांब पोचतो, मात्र त्यावर शेजारपाजारच्या राउटरांची आणि मायक्रोवेव्हची गर्दी असते. फायबरची तार सोप्यावरून आत येते म्हणून राउटरही तिथेच ठेवला जातो, आणि टीव्ही दोन भिंती पलीकडे. राउटर घराच्या मध्यावर, पाच-सहा फूट उंचीवर, कपाटाबाहेर ठेवा. टीव्हीला राउटरपासून थेट तार, म्हणजे लॅन केबल, ओढता आली तर त्याहून उत्तम. 4के, म्हणजे अतिस्पष्ट चित्राला 15 ते 25 एमबीपीएस इतका इंटरनेटचा वेग पुरतो, आणि टीव्हीचा लॅन पोर्ट साधारण 100 एमबीपीएसचा असतो. केबल त्याच राउटरला जोडा, म्हणजे वाय-फायवरच्या फोनलाही टीव्ही दिसेल.

आता स्पीकर. ब्लूटूथवर आवाज साधारण 100 ते 200 मिलिसेकंद मागे पडतो. नुसती गाणी ऐकताना ते कळत नाही, सिनेमात ओठ आधी हलतात. साउंडबार असेल तर तो एचडीएमआय केबलने, ‘एआरसी’ लिहिलेल्याच पोर्टला जोडा, कारण टीव्हीचा आवाज त्याच पोर्टमधून बाहेर येतो. आणि टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये सीईसी, म्हणजे जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू करा. हॉल आणि स्वयंपाकघर दोन्हीकडे एकच आरती लावायची तर वाय-फाय स्पीकरचा ग्रुप करा. ते आपसांत वेळ जुळवून घेतात. ब्लूटूथचे दोन वेगवेगळे स्पीकर एकमेकांमागे धावतात आणि आरतीचे शब्द कानात आदळतात.

पावसात वीज लुकलुकते, राउटर बंद होऊन पुन्हा चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, तोवर कास्ट तुटलेला असतो. त्यावर राउटरसाठीचा छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी पुरवठा चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, मिळतो. घेताना अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर वाचूनच घ्या, कारण बरेच राउटर 12 व्होल्टचे असले तरी 9 आणि 5 व्होल्टचेही असतात, आणि जास्त व्होल्टेज दिलं तर राउटर जळू शकतो. फायबरची तार ज्यात जोडतात तो डबा राउटरपासून वेगळा असेल, तर त्यालाही यूपीएस लागेल.