बाजू बदला, सर!

(दृश्य: मराठवाड्यातल्या एका केंद्रशाळेचा हॉल. वर्गात वादविवाद कसा घ्यायचा, याच्या प्रशिक्षणाला आलेले, सतरंजीवर चौघाचौघांचे गट करून बसलेले शिक्षक. फळ्यावर एकच वाक्य.)

निवेदन:

फळ्यावर लिहिलंय, ‘टंचाईच्या तालुक्यात उसाच्या लागवडीवर बंदी असावी.’

इथल्या बऱ्याच शिक्षकांच्या घरी शेती आहे. त्यामुळे सुलभक बाई, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्या बाई, खडू खाली ठेवेपर्यंत दोन-तीन गटांत आवाज चढलेसुद्धा. बाई कुणाला गप्प करत नाहीत. एवढंच सांगतात, ‘बोला, पण चिठ्ठीत आलेल्या बाजूनं बोला.’ प्रत्येक गटात दोघं बंदीच्या बाजूनं, दोघं विरोधात. घरचा ऊस कारखान्याला घालणाऱ्या एका सरांच्या चिठ्ठीत नेमकी बंदीची बाजू निघालीय.

सर सुरुवात करतात, ‘ऊस सगळं पाणी पिऊन टाकतो.’

समोरच्या मॅडम विचारतात, ‘सगळं म्हणजे किती, सर? कुठं वाचलंत?’

सर अडखळतात. तो मुद्दा सोडून देतात आणि दुसरा काढतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं. आता बोलण्यात जागा आहे, साल आहे, शोधून पाहता येईल अशी घटना आहे. पण मॅडमही तयारीत आहेत. उसाला एफआरपी आहे, कायद्यानं बांधून दिलेला किमान दर. तुरीचा हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्रावर माल घेतला जाईलच याची खात्री कोण देणार? बंदी घातली, तर शेतकऱ्यानं पेरायचं काय?

सर मान डोलावतात. मुद्दा त्यांना पटलाय, आणि त्यांना उत्तर मात्र त्याच्या विरोधात द्यायचंय.

थोड्या वेळानं बाई टाळी वाजवतात. ‘बाजू बदला.’

(दृश्य: गटांत हशा, कुजबुज. सर वहीचं पान उलटून समोरच्यांचे मुद्दे आठवून लिहितायत.)

ही रीत अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या दोघा भावांनी बसवली. चौघांचा गट, दोघांची एक बाजू. आधी मांडणी, मग उलटतपासणी, मग बाजूंची अदलाबदल. आणि शेवटी दोन्ही बाजू सोडून चौघांनी मिळून एक निष्कर्ष लिहायचा. कुणी जिंकत नाही, कुणाला ढाल मिळत नाही. आपल्याकडे शास्त्रग्रंथांतही आधी पूर्वपक्ष मांडायची शिस्त होतीच. समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतकंच नीट सांगता आलं, तरच आपल्या उत्तराला वजन.

आपल्या शाळांना वादविवाद नवा नाही. वक्तृत्व स्पर्धा, वादविवाद स्पर्धा दरवर्षी होतात. पण बहुतेक ठिकाणी काय होतं, ते शिक्षकांना चांगलं ठाऊक आहे. वर्गातली दोन-चार धीट मुलं निवडायची, भाषण लिहून द्यायचं, ‘माननीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’पासून ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’पर्यंत पाठ करून घ्यायचं. त्या मुलांना त्याचा फायदा होतो, यात शंका नाही. सभेत उभं राहायचा धीर येतो. पण वर्गातली उरलेली सगळी मुलं त्या दिवशी टाळ्या वाजवायला बसलेली असतात. आणि बोलणाऱ्यालाही समोरच्याचं ऐकून आपलं वाक्य बदलायची वेळ कधी येत नाही, कारण ते वाक्य त्याचं नसतंच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये चर्चेवर आधारलेल्या अध्यापनाचा उल्लेख आहे. धोरणातलं वाक्य वर्गात उतरवायचं, तर आधी शिक्षकाला स्वतः त्या चौघांत बसावं लागतं. वादविवादावर दिवसभर व्याख्यान ऐकवून हे होणार नाही. व्याख्यान ऐकून गेलेला शिक्षक वर्गात व्याख्यानच देणार.

(दृश्य: दुपारचं सत्र. एक शिक्षक उभे राहून प्रश्न विचारतायत. बाई हातातल्या घड्याळाकडे बघतायत.)

दुपारी सराव आहे थांबण्याचा. प्रश्न विचारायचा आणि किमान तीन सेकंद काही बोलायचं नाही.

ऐकायला सोपं वाटतं. हॉलमधले पहिले चार-पाच जण एका सेकंदातच पुढचं वाक्य बोलून मोकळे होतात. प्रश्न सोपा करून सांगतात, नाहीतर उत्तराचं पहिलं अक्षर पुरवतात. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकून हेच टिपलं होतं. शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं, की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागतात. अभ्यासक्रम पुरा करायच्या घाईत असलेल्या शिक्षकाला हे तीन सेकंद फार जड जातात. या प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ यावरच जातो, आणि तो जायलाच हवा.

विषय निवडताना मात्र बाई कडक आहेत. एका गटानं ‘मुलींनी शिक्षण घ्यावे की नको’ असं लिहिलं होतं. बाईंनी ते खोडलं. माणसाच्या बरोबरीच्या हक्कावर दोन बाजू मांडायच्या नसतात. वर्गात बसलेल्या कुणाही मुलीला आपण तिथं का आहोत, याचा बचाव करायची वेळ येता कामा नये. विषय असा हवा, की ज्यावर समंजस माणसांचं खरोखर दुमत आहे.

असे विषय पाठ्यपुस्तकाच्या अगदी जवळ सापडतात. नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत येते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांवर कठोर टीका केली. संकुचितपणा आणि अज्ञान यांचं घर, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याच दिवसापासून एच. व्ही. कामत यांच्यासारख्या सदस्यांनी त्यावर आक्षेप घेतले. त्याच महिन्याच्या २२ तारखेला ग्रामपंचायती स्थापन करण्याबाबतची दुरुस्ती के. संतानम यांनी मांडली आणि आंबेडकरांनी ती स्वीकारली. आज ते संविधानाचं चाळिसावं कलम आहे.

हे वाचून हॉलमधले शिक्षक सरसावून बसतात. कारण रस्त्यापलीकडे ग्रामपंचायतीची इमारत आहे. आंबेडकरांचं म्हणणं कुठल्या अनुभवातून आलं, हे इथल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही, आणि पंचायतीमुळे गावात काय झालं, हेही त्यांना दिसतं. दोन्ही बाजूंचा पुरावा मुलांच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवरच आहे.

अडचणी आहेतच. तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची, पट मोठा, बाकं हलवायला जागा नाही. यावर इथं निघालेला तोडगा साधा आहे. पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळायचं, की चौघांचा गट तयार. एका तासिकेत मांडणी, दुसऱ्या दिवशी अदलाबदल आणि लेखन. बोलायला लाजणाऱ्या मुलानं समोरच्याचे मुद्दे टिपून ते परत वाचून दाखवायचे. तेही बोलणंच आहे.

(दृश्य: शेवटचं सत्र. शिक्षक टाचण लिहितायत.)

आपापल्या इयत्तेचा एक पाठ घेऊन प्रत्येक जण टाचण काढतोय. तेवढ्यात मागून एक मॅडम विचारतात, ‘सगळं झाल्यावर मुलं विचारणारच, बाई, बरोबर कोण? तेव्हा काय सांगू?’

सुलभक बाई म्हणतात, ‘आधी त्यांचं त्यांना लिहू द्या. वह्या जमा झाल्या की तुमचं मत सांगा, कारणांसकट सांगा. आणि त्यावर कुणी हात वर केला, तर त्यालाही बोलू द्या.’