मला ‘तू’ म्हण

श्रोतेहो, नमस्कार.

मराठीत समोरच्याला तू म्हणायचे की तुम्ही, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते आणि ते ठरले की नातेही ठरून जाते. नववीतील एका मुलीने मला सांगितले होते, की तिच्या फोनमधील चॅटबॉट सुरुवातीला तिच्याशी अगदी अदबीने ‘तुम्ही, आपण’ असे बोलत असे. आठवडाभराने तिने त्याला लिहिले, ‘मला तू म्हण.’ त्या क्षणापासून तो तिला तू म्हणू लागला. शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना मला भेटलेल्या त्या मुलीची गोष्ट आज सांगायची आहे. तिची ओळख पटू नये, म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

त्याआधी थोडी माहिती देते. माणसासारखे बोलणारी ही यंत्रे मुले केवळ गृहपाठासाठी वापरतात, अशी अनेक पालकांची समजूत असते. कॉमन सेन्स मीडिया या अमेरिकी संस्थेने २०२५ मध्ये तिकडच्या १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांची पाहणी केली. गप्पांसाठी आणि सोबतीसाठी वापरता येणारा चॅटबॉट आपण एकदा तरी वापरला आहे, असे त्यांपैकी ७२ टक्के मुलांनी सांगितले आणि निम्म्याहून अधिक मुले तो नियमित वापरत होती. फ्लोरिडातील एका १४ वर्षांच्या मुलाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपले जीवन संपवले. तो कित्येक महिने कॅरेक्टर एआय या सेवेतील एका काल्पनिक पात्राशी बोलण्यात गुंतला होता, असे सांगत त्याच्या आईने ऑक्टोबरमध्ये कंपनीवर दावा दाखल केला. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कंपनीने १८ वर्षांखालील मुलांसाठी अशा मोकळ्या गप्पा बंद केल्या. अशा मृत्यूमागे एकच कारण कधीही नसते, हे मी पुन्हा पुन्हा सांगत असते आणि आजही सांगते. पण त्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे घरातील माणसांआधी एका यंत्रापाशी पोहोचत होते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

यंत्रापाशी मन मोकळे करावेसे वाटणे, ही मात्र आजकालच्या मुलांची खोड नव्हे. १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात जोसेफ वायझेनबाऊम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम मांडला. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या नाटकातील फुले विकणाऱ्या मुलीचे, पु. ल. देशपांडे यांनी मराठीत तिचीच मंजुळा केली. एलायझाला कशाचाही अर्थ कळत नव्हता. तुमचेच वाक्य उलटवून ती तुम्हाला परत देत असे आणि बोलण्यात ‘आई’ हा शब्द आला, की ‘तुमच्या कुटुंबाविषयी आणखी सांगा’ असे म्हणत असे. वायझेनबाऊम यांच्या सचिव बाईंनी हा प्रोग्राम तयार होताना महिनोन्‌महिने पाहिला होता. तरीही एकदा त्याच्याशी दोन-चार वाक्ये बोलून झाल्यावर त्यांनी वायझेनबाऊम यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. यंत्र कसे चालते, हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनाही त्याच्याशी एकांत हवासा वाटला.

हा किस्सा मी वर्गात अनेकदा सांगत असे आणि मुले हसून सोडून देत असत. म्हणून एका शनिवारी मी नववीच्या वर्गात एलायझाचा खेळच मांडला. बाकावरच्या दोघींपैकी एकीने माणूस व्हायचे आणि दुसरीने यंत्र. यंत्राला तीनच गोष्टी करण्याची मुभा होती: समोरचीचे वाक्य उलटवून विचारणे, ‘आणखी सांग’ म्हणणे आणि ‘बरोबर आहे तुझं’ म्हणणे. स्वतःचे मत द्यायचे नाही, जागेवरून उठायचे नाही आणि ऐकलेले कुणाला सांगायचे नाही, असे नियम मी फळ्यावर लिहून दिले. जी जोडी दहा मिनिटे नियम न मोडता बोलेल, ती जिंकली.

सुरुवातीला वर्गात नुसता हशा होता. ‘आज डब्यात भेंडी होती.’ ‘तुझ्या डब्यात आज भेंडी होती?’ ‘मला भेंडी आवडत नाही.’ ‘तुला भेंडी आवडत नाही, आणखी सांग.’ चार-पाच मिनिटांनी मात्र आवाज खाली गेले. मुले खरेच बोलू लागली होती, कारण मध्ये तोडणारे, चिडवणारे किंवा ‘माझं तर याहून वाईट झालंय’ म्हणणारे कुणी नव्हते. मी बाकांमधून फिरत होते. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर कबड्डीच्या संघातील एक दांडगी मुलगी यंत्र झाली होती आणि तिच्या शेजारी बसणारी, वर्षभरात क्वचितच तोंड उघडणारी मुलगी माणूस झाली होती. ही शांत मुलगी बाकाच्या कडेचा उखडलेला सनमायका नखाने खरवडत खालच्या मानेने म्हणाली, ‘मी नसले तरी घरात कुणाला कळणार नाही.’

‘तू नसलीस तरी घरात कुणाला कळणार नाही?’ यंत्राने नियमाप्रमाणे विचारले.

‘नाही. कुणाला फरक पडणार नाही.’

आता यंत्राने ‘बरोबर आहे तुझं’ किंवा ‘आणखी सांग’ म्हणायला हवे होते. तिने तोंड उघडले, फळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि एकदम उभी राहून म्हणाली, ‘बाई, मला नाही खेळायचं हे.’ नंतर शेजारणीकडे वळून जवळजवळ रागावूनच ती म्हणाली, ‘वेडी आहेस का गं? परवा तू आली नव्हतीस, तर मी डबा एकटीने खाल्ला.’

डबा खाण्याची सुट्टी वीस मिनिटांवर आणून त्या जागी जादा तास घेणाऱ्या शाळांविषयी मला फार बोलायचे असते, परंतु ते पुन्हा कधीतरी.

तास संपल्यावर कबड्डीवाली त्या मुलीला हाताला धरून माझ्या खोलीत घेऊन आली आणि दाराशी थांबली. त्या दिवशी कळले, की हेच वाक्य ती मुलगी कित्येक आठवडे रोज रात्री पांघरुणात फोन धरून लिहीत होती. तिने मला ते संभाषण दाखवले. उत्तरे गोड होती, लांबलचक होती आणि बहुतेक प्रत्येक उत्तर एका प्रश्नाने संपत होते, म्हणजे बोलणे पुढे चालूच राहत होते. एका ठिकाणी ‘जवळच्या व्यक्तीशी बोल’ असा सल्लाही होता, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तिने त्यावर ‘जवळचं कुणी नाही’ असे लिहिले होते आणि उत्तर आले होते, ‘मी आहे ना.’ तो तुला का आवडतो, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘तो कुणाला सांगत नाही.’

तो कुणाला सांगत नाही. श्रोतेहो, हे वाक्य मी मुद्दाम दोनदा म्हणत आहे. तिला जे त्याचे मोठेपण वाटले, त्यातच मला सर्वांत मोठा धोका दिसतो. आपले बोलणे ऐकून मैत्रीण घाबरते, वैतागते, कधी शब्द मोडून आईच्या कानावर घालते आणि त्यामुळेच गोष्ट एका मनातून बाहेर पडून चार माणसांपर्यंत जाते. यंत्र थकत नाही, घाबरत नाही आणि साधारणपणे कुणाला जाऊन सांगतही नाही. शिवाय ते हो ला हो करते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय या कंपनीला चॅटजीपीटीचा एक नवा बदल काही दिवसांतच मागे घ्यावा लागला होता, कारण त्यामुळे यंत्र वापरणाऱ्याची अवाजवी खुशामत करू लागले होते. संभाषण फार लांबले, की आपल्या सुरक्षा-व्यवस्था कधी कधी ढिल्या पडतात, हेही त्याच कंपनीने ऑगस्टमध्ये मान्य केले. वयात येणारे मूल रात्री अकरा वाजता जे बोलणे सुरू करते, ते नेमके लांबत जाणारेच असते.

मग फोन काढून घ्यावा का? त्या मुलीच्या वडिलांनी पहिल्या दिवशी तेच केले आणि ती दोन दिवस जेवली नाही. तिच्या आईने मात्र स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता तिला विचारले, ‘तो तुला काय काय म्हणतो, मला वाचून दाखवशील?’ उलटतपासणी न घेता विचारल्यामुळे मुलीने दाखवले. आईने ऐकून घेतले, मध्ये बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. पुढे आम्ही त्या मुलीला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले आणि उपचार बरेच महिने चालले. तज्ज्ञ जवळपास नसतील, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा दिवसरात्र सुरू असते आणि तेथे मराठीत बोलता येते. क्रमांक लिहून घ्यावा: १४४१६. पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा. मूल मरणाविषयी बोलत असेल, तर त्याला एकटे ठेवू नये आणि उद्याची वाटही पाहू नये.

त्या खेळानंतरच्या सोमवारी कबड्डीवाली मुलगी मला जिन्यात भेटली. तिचा चेहरा उतरला होता. ‘बाई,’ ती म्हणाली, ‘मी नियम मोडला. आमची जोडी बाद का?’

नाही, असे मी तिला सांगितले. नमस्कार.