नेब्रास्काच्या लोकांनी अजून किती थांबायचं? कॉलेज फुटबॉल, नवे कोच आणि प्रेक्षकांचा संयम

नमस्कार मंडळी.

19 ऑक्टोबर 2024. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं ब्लूमिंग्टन. मैदानात दोन कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉल टीम्स. एक नेब्रास्का, म्हणजे पाच राष्ट्रीय विजेतेपदांचं घराणं. दुसरी इंडियाना, जिने तोवरच्या इतिहासात एका सीझनमध्ये 10 मॅच कधीच जिंकल्या नव्हत्या. नेब्रास्काचे कोच मॅट रूल यांचं ते दुसरं वर्ष होतं. इंडियानाचे कर्ट सिग्नेटी नुकतेच आलेले, पहिलंच वर्ष.

[स्क्रीनवर: इंडियाना 56, नेब्रास्का 7]

त्या दिवसापासून नेब्रास्काचा प्रत्येक चाहता एकच प्रश्न विचारतोय. "थोडा धीर धरा, टीम नव्याने उभी राहतेय" असं आम्हाला इतकी वर्षं सांगितलं, मग त्यांचं एका वर्षात कसं झालं?

आज मला या प्रश्नावर बोलायचंय, कारण तो रास्त आहे. प्रेक्षकांना उतावळं म्हणून हिणवणं सोपं असतं. पण नेब्रास्काचा इतिहास नीट पाहिला, तर उतावळेपणा गॅलरीत कमी आणि ऑफिसांमध्ये जास्त दिसतो.

आधी ही माणसं कोण आहेत ते बघू. नेब्रास्का हे शेतीचं राज्य. मका, सोयाबीन, गुरं. राज्यात मोठ्या व्यावसायिक फुटबॉल लीगची एकही टीम नाही. त्यामुळे लिंकन शहरातल्या युनिव्हर्सिटीची टीम हीच अख्ख्या राज्याची टीम. मॅचच्या शनिवारी मेमोरियल स्टेडियममध्ये 85 हजारांहून जास्त माणसं लाल कपड्यांत बसतात. ओमाहा आणि लिंकन सोडलं, तर राज्यातल्या कुठल्याही गावापेक्षा ही वस्ती मोठी. आणि 1962 च्या नोव्हेंबरपासून इथली प्रत्येक मॅच हाउसफुल्ल आहे. सलग. इलिनॉयविरुद्धची 2024 मधली मॅच ही अशी चारशेवी होती, आणि तीही ते ओव्हरटाइममध्ये हरले.

मधल्या वाईट वर्षांत हा हाउसफुल्लचा आकडा टिकवायला दात्यांनी उरलेली तिकिटं विकत घेतली, हे खरं आहे. 2021 मध्ये तशी घेतलेली तिकिटं गरजू मुलांना दिली गेली. काही जण याला दिखावा म्हणतात. मला तसं वाटत नाही. हरणाऱ्या टीमसाठी खिशातून पैसे काढून एखाद्या पोराला पहिली मॅच दाखवणं, यात दिखावा कुठे आला? या स्टेडियममध्ये आणखी एक पद्धत आहे. पाहुणी टीम जिंकून निघाली, तरी इथले लोक टाळ्या वाजवून तिला निरोप देतात.

आता थोडं मागे जाऊ. टॉम ऑस्बॉर्न 1973 मध्ये इथे मुख्य कोच झाले. ओक्लाहोमा ही नेब्रास्काची मोठी प्रतिस्पर्धी, आणि तिच्याविरुद्ध ऑस्बॉर्न पहिली पाच वर्षं सलग हरले. सहाव्या वर्षी, 1978 मध्ये, 17-14 ने जिंकले. तोवर कुरकुर इतकी वाढली होती की त्याच वर्षी ते कोलोराडोला जायच्या बेतात होते. नाही गेले. पुढे 1984 च्या ऑरेंज बोल या सीझनअखेरच्या मोठ्या सामन्यात, मायामीविरुद्ध, शेवटच्या मिनिटात स्कोअर झाला 31-30. नेब्रास्का एका पॉइंटने मागे. साधी किक मारली असती तर बरोबरी, आणि सीझनभर अपराजित राहिलेल्या टीमला बहुधा विजेतेपदही मिळालं असतं. ऑस्बॉर्न यांनी किकऐवजी दोन पॉइंटचा, थेट जिंकण्याचा प्रयत्न केला. पास अडवला गेला. विजेतेपद हुकलं.

पहिलं राष्ट्रीय विजेतेपद त्यांना मिळालं 1994 मध्ये. बाविसाव्या सीझनला! मग 1995, मग 1997, आणि निवृत्ती. एकूण हिशोब 255 विजय, 49 पराभव, 3 बरोबरी.

पण इथे एक गोष्ट निसटू देऊ नका. त्या 25 वर्षांत ऑस्बॉर्न यांनी एकाही सीझनमध्ये नऊपेक्षा कमी मॅच जिंकल्या नाहीत. म्हणजे लोक थांबले, पण डोळे मिटून नाही. दर शनिवारी त्यांना समोर दिसत होतं की टीम घट्ट आहे, मुलं शिस्तीची आहेत, फक्त शेवटची पायरी राहतेय. असं दिसत असेल तर माणूस वीस वर्षंसुद्धा थांबतो.

मग फ्रँक सोलिच आले. सहा वर्षांत 58 विजय, 19 पराभव. 2003 मध्ये 9-3 (नऊ विजय, तीन पराभव) असताना त्यांना काढलं. पुढे बो पेलिनी. 2008 ते 2014, सात सीझन, प्रत्येकात नऊ किंवा दहा विजय. 2014 मध्ये 9-3 असताना त्यांनाही काढलं. हे निर्णय गॅलरीतल्या शेतकऱ्याने घेतले नव्हते. वरच्या खुर्च्यांवरच्या लोकांना वाटलं, नऊ विजय म्हणजे आपण मागे पडलो. काही चाहतेही त्यांच्या सुरात बोलत होते, तेही मान्य करायला हवं. पेलिनींचा तापटपणाही कारणीभूत होता. पण त्यानंतर नेब्रास्काला नऊ विजयांचा सीझन फक्त एकदाच बघायला मिळाला, 2016 मध्ये.

आणि मग आला घरचा मुलगा, स्कॉट फ्रॉस्ट. नेब्रास्कातच वाढलेला, 1997 च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा आणि हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू. कोच म्हणून सेंट्रल फ्लोरिडाची टीम 2017 मध्ये 13-0 अशी अपराजित ठेवून तो लिंकनला आला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पहिल्या सहा मॅच सलग हरला, तरी स्टेडियम भरलेलंच. 2019 मध्ये 5-7. 2020 मध्ये 3-5. 2021 मध्ये 3-9, आणि त्या नऊच्या नऊ मॅच दहापेक्षा कमी पॉइंटांनी गेल्या.

आता हे 3-9 कसं वाचायचं? तेव्हा अनेक जण म्हणत होते, "बघा, किती थोडक्यात हरतोय, पुढच्या वर्षी पारडं फिरेल." एका सीझनपुरता तो युक्तिवाद चालतो. नऊ निकाल थोडक्यात गेले, तर त्यात नशिबाचा भाग असू शकतो. पण फ्रॉस्टच्या टीमने चार-साडेचार वर्षांत एका स्कोअरच्या, म्हणजे आठ किंवा कमी पॉइंटांच्या फरकाच्या 22 मॅच हरल्या आणि जिंकल्या फक्त पाच. नशीब एवढी वर्षं एकाच बाजूला बसून राहत नाही. किक अडवली जाते, शेवटच्या मिनिटात बॉल हातून सुटतो, नको तिथे पेनल्टी. पहिल्या वर्षीच्या चुका चौथ्या वर्षी तशाच.

2022 चा सीझन डब्लिनमध्ये सुरू झाला, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध. नेब्रास्का 28-17 ने पुढे. आणि 11 पॉइंटांची आघाडी असताना फ्रॉस्टने ऑनसाइड किक मारायला सांगितली, म्हणजे बॉल स्वतःकडेच ठेवण्यासाठी मारलेली जोखमीची छोटी किक. बॉल समोरच्यांना मिळाला, मॅच 31-28 ने गेली. दोन आठवड्यांनी घरच्या मैदानात जॉर्जिया सदर्नकडून 45-42 असा पराभव झाला आणि दुसऱ्याच दिवशी, 11 सप्टेंबरला, त्याची नोकरी गेली. करार मोडल्याबद्दल युनिव्हर्सिटीने त्याला दीड कोटी डॉलर देणं लागत होतं. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबले असते, तर निम्मे लागले असते. तीन आठवडेही कोणी थांबायला तयार नव्हतं.

माझं स्पष्ट मत आहे: सोलिच आणि पेलिनी यांच्याबाबतीत संयम कमी पडला, आणि फ्रॉस्टच्या बाबतीत तो जास्त झाला, कारण तो आपला होता. दोन्ही वेळा लोक मैदानाकडे बघायचं सोडून दुसरीकडेच बघत होते. आधी जुन्या ट्रॉफ्यांकडे, नंतर एका लाडक्या चेहऱ्याकडे.

बरं, टीम उभारायला वेळ लागतो म्हणजे नेमकं काय होतं?

पूर्वीचा हिशोब साधा होता. कोच नवा आला की शाळकरी मुलांना हेरून आणायचा. तो मुलगा 18 वर्षांचा असताना येतो. क्वार्टरबॅकच्या पुढे जी पाच धिप्पाड माणसं भिंत करून उभी असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन, आणि तिथे 18 वर्षांचं पोर सहसा टिकत नाही. आपल्याकडे तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्याच वर्षी मोठ्या मैदानात उतरवत नाही. आधी खुराक, जोर-बैठका, माती अंगाला लागू देतो. तसंच हे. त्यामुळे कोचने स्वतः आणलेली मुलं खरी तयार व्हायची तिसऱ्या-चौथ्या वर्षी. "कोचला चार वर्षं द्या" हा जुना नियम इथून आला.

व्हर्जिनिया टेकमध्ये फ्रँक बीमर यांना तर सहा वर्षं मिळाली. सहाव्या वर्षी, 1992 मध्ये, त्यांचा रेकॉर्ड 2-8-1 होता. आज कुठलाही कोच यातून वाचणार नाही. तेव्हाचे तिथले क्रीडा संचालक डेव्ह ब्रेन यांनी त्यांना ठेवलं, पण हाताखालचे काही कोच बदलायला लावले. हा भाग लोक सांगताना विसरतात. नुसतं थांबले नाहीत, काय चुकतंय ते शोधून बदललं. पुढच्या वर्षीपासून व्हर्जिनिया टेक बीमर यांच्या हाताखाली सलग 23 वर्षं सीझनअखेरच्या बोल सामन्यांत खेळली, आणि 1999 च्या सीझनला राष्ट्रीय विजेतेपदाच्या मॅचपर्यंत पोचली.

मग हा चार वर्षांचा हिशोब मोडला. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही. 2021 पासून पहिल्यांदा कॉलेज बदलताना वर्षभर बाहेर बसायची अट गेली. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. 2025 पासून तर कॉलेजंच खेळाडूंना थेट पैसे देतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे दोन कोटी डॉलर.

सिग्नेटी इंडियानाला आले ते जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीतले स्वतःचे डझनभर खेळाडू घेऊनच. बावीस-तेवीस वर्षांची, त्यांच्या हाताखाली तयार झालेली मुलं. आदल्या वर्षी 3-9 असलेली टीम 2024 मध्ये 11-2 झाली, आणि 2025 च्या सीझनला 16-0 राहून राष्ट्रीय विजेती. "एका वर्षात कसं झालं" याचं उत्तर हे आहे: मुलांना घडवायची वर्षं दुसऱ्या कॉलेजात आधीच खर्च झाली होती.

म्हणून प्रत्येक कोचला तेवढंच एक वर्ष द्यायचं का? नॅशव्हिल शहरातली व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटी बघा. क्लार्क ली, स्वतः तिथलाच माजी खेळाडू. 2021 मध्ये 2-10, मग 5-7, मग 2023 मध्ये पुन्हा 2-10. तीन वर्षांनंतर परत तिथेच! कॉलेजने त्याला ठेवलं. त्याने पोर्टलमधून न्यू मेक्सिको स्टेटचा क्वार्टरबॅक दिएगो पाविया आणला, आणि 5 ऑक्टोबर 2024 ला पहिल्या क्रमांकावरच्या अलाबामाला 40-35 ने हरवलं. नॅशव्हिलच्या लोकांनी गोलपोस्ट उपटून रस्त्याने मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत टाकला. 2025 मध्ये त्यांनी कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदाच 10 मॅच जिंकल्या.

पोर्टलमुळे वर्षांचा आकडा निरर्थक झाला. त्यामुळे चाहत्याला आता जास्त बारकाईने बघावं लागतं. मी स्वतः तीन ठिकाणी नजर ठेवतो. मॅचच्या शेवटच्या, चौथ्या क्वार्टरमध्ये लाइनमधली मुलं पुढे सरकतात की मागे ढकलली जातात. बॉल किती वेळा फुकट घालवला जातोय. आणि गेल्या वर्षी असलेली चांगली मुलं या वर्षीही तिथेच आहेत का, कारण कोचवर विश्वास नसेल तर मुलं सगळ्यात आधी निघून जातात, ते त्यांच्या आईवडिलांनाही कळलेलं असतं.

मॅट रूल यांची ख्यातीच मुळी तिसऱ्या वर्षाची. टेंपल युनिव्हर्सिटीत 2-10, 6-6, मग 10-4. बेलर युनिव्हर्सिटीत 1-11, 7-6, मग 11-3. म्हणून नेब्रास्काने त्यांना आठ वर्षांचा, 7 कोटी 40 लाख डॉलरचा करार दिला. 2023 मध्ये 5-3 वरून शेवटच्या चारही मॅच हरून 5-7. बोल गेमसाठी एकच विजय हवा होता. 2024 मध्ये 7-6, आणि 2016 नंतरचा पहिला बोल, तोही जिंकलेला. हे पाऊल पुढे होतं. 2012 नंतर पहिल्यांदा त्यांनी विस्कॉन्सिनला हरवलं, 44-25 ने, आणि त्या दिवशी स्टेडियममधली माणसं ज्या तऱ्हेने रडत-हसत होती, ते बघून मला मनापासून आनंद झाला.

एक विनंती मात्र आहे. कोचवर जरूर टीका करा, त्याला कोट्यवधी डॉलर त्यासाठीही मिळतात. पण किक हुकवलेल्या वीस वर्षांच्या मुलाच्या फोनवर रात्री शिव्या पाठवू नका. त्याला आता पैसे मिळतात, म्हणून काहीही बोललेलं चालतं, असं होत नाही. अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मराठी मुलांपैकी कित्येक जण याच मुलांच्या शेजारी वर्गात बसतात. त्यांना विचारा, सोमवारी सकाळी हा खेळाडू कसा दिसतो ते.

राहिला रूल यांचा प्रश्न. तिसरं वर्ष, 2025, पुन्हा सात विजयांवर संपलं. टेंपल आणि बेलरमध्ये झाली तशी उडी इथे झाली नाही. तरी युनिव्हर्सिटीने सीझनच्या मध्यातच त्यांचा करार 2032 पर्यंत वाढवला. हा निर्णयही गॅलरीत झालेला नाही, आणि पुढे रूल यांना काढायची वेळ आली तर त्याचं बिल मोठं असेल.

मी आयोवाविरुद्धच्या मॅचकडे बघतो, कारण ती दर वर्षी सीझनच्या शेवटी असते आणि दोन्ही टीम्स एकमेकींना पुरत्या ओळखतात. 2023 मध्ये 13-10 असा पराभव, शेवटच्या क्षणाच्या किकवर. 2024 मध्ये पुन्हा 13-10, पुन्हा शेवटच्या क्षणाची किक. 2025 मध्ये, स्वतःच्या स्टेडियममध्ये, 40-16. तीन पॉइंट, तीन पॉइंट, मग चोवीस. तिसऱ्या वर्षी हे अंतर कमी व्हायला हवं होतं, ते वाढलं. लिंकनच्या लोकांनी चौथं वर्ष द्यावं असं मला अजूनही वाटतं. पण यावेळी त्यांनी रूल यांच्याकडे या चोवीस पॉइंटांचा हिशोब मागावा, आणि सीझन संपायच्या आत मागावा.